मेंढा नवा, कळप जुना

माणसाने आयुष्यात एकदा तरी घरी चालून आलेली मोटारसायकल नाकारून बघावी. आपण किती शहाणे आहोत याचा अंदाज लवकर येतो आणि पुढची वर्षं सोपी जातात.

मला तो अंदाज बारामतीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना आला. आमचं घर निमगाव केतकीला. सकाळी एसटीने उभ्याउभ्या बारामतीला जायचं आणि संध्याकाळी तसंच उभ्याउभ्या परत यायचं, हा माझा खरा अभ्यासक्रम होता. वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला होते. पोराचे हाल बघून एक दिवस ते म्हणाले, "एक जुनी मोटारसायकल बघून ठिवलीय. घ्यायची का?"

मी म्हणालो, "त्याऐवजी कॉम्प्युटर घेऊ."

"त्याच्यावर बसून बारामतीला जाता येतंय का?" वडिलांनी विचारलं.

प्रश्न साधा होता आणि उत्तरही साधं होतं. पण मी त्यांना तासभर व्याख्यान दिलं. येत्या काळात सगळं जग कॉम्प्युटरवर चालणार, ज्याच्या घरी कॉम्प्युटर तो राजा, असं काहीबाही. वडील शेवटी माझ्या ज्ञानाला नव्हे, तर बडबडीला कंटाळून तयार झाले. ते राजेपण मी पुढे कॉलेज संपेपर्यंत एसटीच्या दांड्याला लोंबकळत भोगलं.

कॉम्प्युटर जुनाच होता. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेला, फोर एटी सिक्स जातीचा. पण आमच्या आळीतला पहिला. त्याच्या डब्यावर हिरव्या दिव्यांनी ३३ हा आकडा उजळायचा. हा काय प्रकार, असं बघायला येणारा प्रत्येकजण विचारी आणि मी ऐटीत सांगे, "हा त्याचा वेग."

शेजारच्या पानमळ्यावाल्या तात्यांनी नीट वाकून बघितलं आणि म्हणाले, "तेहतीस? आमची लुना चाळीस पळती की."

आईने कॉम्प्युटरला पडद्याच्या कापडाचं झाकण शिवलं. मी त्यावर अभ्यास करणार होतो. नक्की काय अभ्यास करणार होतो ते मलाही माहीत नव्हतं, कारण कॉम्प्युटरबरोबर आलेल्या फ्लॉप्यांपैकी फक्त एकच नीट चालत होती आणि तिच्यात एक खेळ होता.

खेळ अगदी साधा. पडद्यावर वरून खाली सरकत येणारा रस्ता, त्यावर आपली छोटी लाल गाडी, मधेच पिंपं, आणि समोरून येणारे ट्रक. बाणाच्या बटणांनी गाडी डावी-उजवीकडे घ्यायची. आदळली की संपलं, मग दुसऱ्याची पाळी. ज्याची गाडी जास्त लांब जाईल तो जिंकला.

हा खेळ मी माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, मोठ्या मनाने शिकवला. पुढे वर्षभर रोज संध्याकाळी आम्ही दोघं खेळलो आणि त्या वर्षभरात मी तिला एकदाही हरवू शकलो नाही. मी कॉम्प्युटर शिकत होतो. ती भाकरी थापून, हाताचं पीठ पदराला पुसत यायची, स्टुलावर बसायची आणि मला धूळ चारून कालवणाला फोडणी घालायला जायची. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "कोन जिकलं?" आणि मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

आक्काने इंदापूरला टायपिंगचा क्लास केला होता, त्यामुळे तिची बोटं तयार आहेत, असं मी माझ्या मनाचं समाधान करून घ्यायचो. पण ते खरं नव्हतं. तिचं कसब वेगळंच होतं. ट्रक दिसला की मी घाबरून लगेच गाडी वळवायचो आणि बाजूच्या पिंपावर आदळायचो. ती वळवायचीच नाही. ट्रक पार नाकासमोर येईपर्यंत शांत बसायची आणि अगदी शेवटी एक बोट हलवायची.

"घाई कशाला करतूस?" ती मला म्हणायची. "येऊ दे की त्याला."

मी कितीतरी वेळा ठरवलं की येऊ द्यायचं. पण ट्रक दिसला की माझं बोट माझं ऐकायचं नाही.

त्या उन्हाळ्यात आक्काचं लग्न ठरलं. कळसला दिली. माणसं चांगली, घर मोठं, दूधदुभतं, बागायत, खाणारी तोंडंही पुष्कळ. हळदीच्या आदल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असताना ती हळूच माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हे बघ, तू लई धडपड्या हाईस. त्या डब्याचं काय करायचं ते कर. माजी गाडी तेवढी हाय तशी ऱ्हाऊ दे. मी पंचमीला आले की खेळणार हाय."

मी म्हणालो, "ठेवतो. त्यात काय एवढं?"

घरातला कॉम्प्युटरचा एकमेव जाणकार मीच होतो, त्यामुळे हा शब्द देणं मला फार सोपं वाटलं. लग्नाच्या गडबडीत तिने दुसरं कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मला मात्र ती मागणी शेंगदाण्याएवढी वाटली होती.

आक्का गेली आणि संध्याकाळी मी एकटा कॉम्प्युटरपुढे बसू लागलो. हरवायला कुणी नसेल तर हरण्यातही मजा नसते, हे तेव्हा कळलं. त्यातच बारामतीच्या एका मित्राने मला एक नवा खेळ दाखवला. बंदूक घेऊन भुयारातून फिरायचं, कोपऱ्यामागून राक्षस येतात त्यांना गोळ्या घालायच्या. भिंतींना खोली होती, पायऱ्या होत्या, राक्षसांच्या तोंडाला लाळ होती. मी तो खेळ फ्लॉप्यांवर भरून घरी आणला आणि आमच्या कॉम्प्युटरवर लावला. मी गोळी झाडायचो आणि ती राक्षसाला लागेपर्यंत माठातलं पाणी पिऊन यायचो. परत येऊन बघावं तर राक्षस अजून पायच उचलत असायचा.

मग मला ध्यास लागला. मित्र म्हणाला, "हा डबा भंगारात घाल. पेंटियम घे, अख्खा नवीन. जुन्यातलं नव्याला काहीच चालत नाही." बारामतीतला कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणाला, "कशाला? फक्त प्रोसेसर बदला. तुमच्याच बोर्डावर बसणारी नवी चिप आलीय, जुनी काढायची आणि ही बसवायची. चौपट वेग." दोघंही इतक्या खात्रीने बोलायचे की ज्याच्याशी शेवटी बोलणं झालं असेल त्याचं मला पटायचं. बारामतीत चिपवाला असायचो, शेळगाव येईपर्यंत एसटीत पेंटियमवाला व्हायचो आणि निमगावात उतरताना दोन्हीकडचा नसायचो.

शेवटी मी हा प्रश्न घरात मांडला. आता वाटतं, तिथेच माती खाल्ली.

आई म्हणाली, "चालतंय न्हवं हाय ते? मग?" घरात एवढं एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं आणि त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

वडील म्हणाले, "एक बेअरिंग गेलं म्हनून कुनी कारखाना बदलत न्हाय." पण ते मोटारसायकलीची जखम विसरले नव्हते, म्हणून जास्त बोलले नाहीत.

आजोबा ओसरीवर बसले होते. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांचं तरुणपण मेंढरांमागे गेलं होतं. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. पुढे मेंढरं विकली, विहीर पाडली, शेती आली. पण आबांच्या डोक्यातून मेंढरं कधी विकली गेली नाहीत. कुठल्याही विषयावर ते मेंढरांवरूनच बोलायचे.

"त्या डब्यात मेन काय असतंय?" त्यांनी मला विचारलं.

"प्रोसेसर," मी म्हणालो. "सगळा जोर त्याचाच."

"म्हंजे मेंढा," आबा म्हणाले. "मग इचार कसला करतूस? कळप कोन इकतं का? मेंढा बदलायचा. मेंढरं तीच, पर तरना मेंढा घातला की पुढची पैदास बघ कशी निघती. बापजाद्यापासनं असंच चालत आलंय."

मला एकदम आनंद झाला. हवं होतं तेच कुणीतरी म्हणालं की माणसाला ते फार खोल वाटतं. सबंध कळप विकत घ्यायची आमची ऐपत नव्हती, मेंढ्यापुरती होती. हे साधं कारण सोडून मी कॉलेजातल्या मित्रांना पुढे कित्येक दिवस कळपाचं तत्त्वज्ञान ऐकवलं.

पण आबांचं बोलणं संपलं नव्हतं. "एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "नवा यायच्या आदी जुना घराभाईर काढायचा. दोन मेंढं एका कळपात ठिवलं की टकरा घेत्यात आन दोनी कामातनं जात्यात. आमी जुना मेंढा लांबच्या बाजारात इकायचो. परत नदरंला पडाय नको."

मेंढ्याबाबत हे शंभर टक्के खरं होतं. आणि मी, ज्याने ट्रान्झिस्टरवर परीक्षा दिली होती, तो हे चिपबाबतही खरं मानून बसलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्यात बैलाऐवजी मेंढा, एवढाच फरक.

मी डबा पोत्यात गुंडाळून एसटीने बारामतीला नेला. दुकानदाराने डबा उघडला, जुनी चिप अलगद उचलली आणि तिच्या जागी पंखा बसवलेली नवी दाबून बसवली. डब्यावरचा हिरवा आकडाही बदलतो म्हणाला. खरा आकडा एकशे तेहतीस, पण दिव्यांना दोनच आकड्यांची जागा होती. तेव्हा त्याने ९९ लावून दिला. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो आकडा वेग मोजत नव्हताच, कुणीतरी हाताने लावून ठेवलेला होता. वर्षभर मी गावाला ज्याची ऐट दाखवली, ती बंद पडलेलं घड्याळ बांधलेल्या मनगटाची ऐट होती.

मग त्याने जुनी चिप माझ्यापुढे धरली. "ही ठेवा घरी. कधी लागली तर?"

मेंढपाळाच्या नातवाला शोभेल अशा गंभीरपणे मी म्हणालो, "नको. आमच्यात जुनं घरात ठेवत नाहीत."

त्याने चिप ड्रॉवरमध्ये टाकली आणि मला चहा पाजला. वेड्याला चहा पाजायची पद्धत बारामतीत तरी आहे.

घरी आल्यावर भुयारातला खेळ लावला. राक्षस सरसर चालू लागले, गोळी झाडली की लगेच लागू लागली. मुख्य म्हणजे त्यांच्या गोळ्या मला लगेच लागू लागल्या. आधी मी मरायचो तेव्हा मशीनला दोष देता येत होता, आता तीही सोय गेली. तरी मी खूश होतो. वडिलांना बोलावून दाखवलं. त्यांनी थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "तू लवकर मराय लागलास. सुधारना हाय."

नागपंचमी जवळ आली. लग्नानंतरची पहिली पंचमी, म्हणजे लेकीने माहेरी यायचं आणि तिला आणायला भावाने मुराळी होऊन जायचं. आईने मला बजावलं, "कळसला तूच जायचंस. आन त्या डब्याचं काय ते आवरून ठेव, ती आल्या आल्या इचारल."

तेव्हा मला लाल गाडी आठवली. इतके दिवस आठवली नव्हती.

मी फ्लॉपी घातली. खेळ सुरू झाला आणि संपला. मला वाटलं काही चुकलं, म्हणून पुन्हा लावला. रस्ता वरून धबधब्यासारखा कोसळला, काहीतरी तपकिरी चमकलं, ते बहुधा ट्रक असावेत, आणि गाडी आदळली. माझं बोट बटणापर्यंत पोचलंही नव्हतं. डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. त्या जुन्या खेळाला स्वतःचं घड्याळच नव्हतं. मशीन जेवढं पळेल तेवढा तो पळायचा. मशीन चौपट झालं, ट्रक चौपट झाले. डब्यावर वेग कमी करायचं टर्बो नावाचं एक बटण होतं. ते दाबून बघितलं, पण नवी चिप त्या बटणाला जुमानत नव्हती.

आबांना सांगितलं. ते म्हणाले, "मेंढा लईच तरना आनलास."

मी दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडून थेट दुकानात गेलो. "माझी जुनी चिप द्या," म्हणालो.

दुकानदार म्हणाला, "ती? ती अकलूजच्या एका गिऱ्हाइकाच्या मशीनमध्ये बसवली. तुम्हीच म्हणालात ना, तुमच्यात ठेवत नाहीत?"

जुना मेंढा लांबच्या बाजारात गेला होता. परत नजरेला पडणार नाही अशी पूर्ण व्यवस्था मी स्वतः केली होती. तशी दुसरी चिप आहे का विचारलं, तर म्हणाला, आता तसला माल कोण ठेवतो. बारामतीतल्या आणखी दोन दुकानांत विचारलं. सगळे मला पुढचं घ्यायला सांगत होते आणि मी मागचं मागत होतो. एका दुकानदाराने तर, माझी तब्येत ठीक आहे ना, असं काळजीने विचारलं.

मला खरंच भीती वाटू लागली. आक्का येणार, पदराला हात पुसत स्टुलावर बसणार आणि मी तिला काय सांगणार? की तुझी गाडी मी अकलूजला पाठवली? तिने एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती मेंढरांच्या नियमाने घालवली होती.

अशा वेळी मला इंदापूरचा टायपिंग क्लास आठवला, जिथे आक्का शिकली होती. तिला आणायला मी कधीकधी जायचो, तेव्हा सरांच्या टेबलामागे निळ्या कापडाखाली झाकलेला एक कॉम्प्युटर असायचा. सरांनी हौसेने घेतला होता, पण स्वतः त्यांनाच तो चालवता येत नसल्याने विद्यार्थ्यांना शिकवायचा प्रश्नच नव्हता. मी गेलो. निळं कापड तसंच होतं, वर देवाचं कॅलेंडर आणि पाण्याचा तांब्या. कापड उचललं. फोर एटी सिक्स, ३३. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"सर, यातली एक चिप मला द्याल?" मी विचारलं.

"एक बिक काही नाही," सर म्हणाले. "न्यायचं तर सगळं ने. जागा अडलीय."

"त्याबदल्यात काय देऊ?"

सरांनी खटाखट टाइप करणाऱ्या पोरींकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "तू मला शिकव. रविवारी, क्लास बंद असतो तेव्हा. पण कुणाला कळता कामा नये."

अशा रीतीने मी, ज्याने सबंध नवीन घ्यायचं की नुसती चिप बदलायची यावर दोन महिने घालवले, त्याने शेवटी सबंध मशीनच घेतलं, तेही आधीच्यापेक्षा कणभरही पुढचं नाही. मॉनिटर मांडीवर घेऊन इंदापूरहून येताना कंडक्टरने विचारलं, "नवीन घेतला वाटतं?" मी हो म्हणालो. खरं सांगायला तेवढा वेळ नव्हता.

घरी दोन्ही कॉम्प्युटर शेजारीशेजारी मांडले. एकावर ९९, एकावर ३३. आबा काठी टेकत आले, बघितलं आणि म्हणाले, "आता टकरा बगाय मिळत्याल."

मी कळसला गेलो. मुराळ्याला मान असतो. मला चौकात खुर्ची दिली, टॉवेल दिला, पाणी दिलं. आक्का दारातून म्हणाली, "बस हां, आलेच," आणि गेली. चहा धाकट्या जावेने आणला. मी बसून बघत होतो. आक्का धारेची बादली घेऊन गेली, रिकामी करून आली, कुणीतरी हाक मारली तशी "व्हय, आले" म्हणत आत पळाली, डबे भरून बाहेर ठेवले, पोरांना पानं वाढली. चालताना मी तिला पाहिलंच नाही, ती पळतच होती. घर वाईट नव्हतं. तिची सासू मला दोनदोनदा "खा की, पाव्हनं" म्हणत होती. सगळं हसतखेळत चाललं होतं, फक्त थांबत नव्हतं. एसटीत खिडकीशी बसल्याबसल्या आक्का झोपली ती निमगाव येईपर्यंत. मला वाटलं, उन्हाने असेल.

घरी आल्यावर तिने चपला काढल्या, आईच्या गळ्यात पडली, आबांच्या पाया पडली आणि सरळ मधल्या खोलीत आली. "दोन? दुसरा कशाला रं?"

मी आधी चूक दाखवून मग इलाज दाखवायचा, असा मोठा बेत केला होता. म्हणून तिला ९९ समोर बसवलं. "बघ तुझ्या गाडीचं काय करून ठेवलं होतं मी," असं म्हणत खेळ लावला. ती आदळेल, आम्ही हसू, मग मी ऐटीत ३३ दाखवेन.

ती आदळली नाही.

पहिले दोन ट्रक जेमतेम चुकवले, मग सावरली. रस्ता कोसळत होता, मला ट्रक दिसतही नव्हते, आणि तिची बोटं डावी-उजवी, डावी-उजवी चालली होती. बराच वेळ गाडी पळत राहिली.

"हे कसं जमलं तुला?" मी विचारलं.

"काय की. हात बसलाय," ती हसत म्हणाली. "तितं पाटंपासनं असंच असतंय. धार, मग डबं, मग रानातल्यांची न्ह्यारी. एक टाळलं की दुसरं म्होरं उभंच. आता मला संथ काय जमतच न्हाय बघ."

ती थट्टेत म्हणाली आणि मला रडू येईल असं वाटलं. मी घाईने तिला शेजारच्या स्टुलावर बसवलं. "हा बघ. हा तुझा. हाय तसा."

३३ वर रस्ता संथ सरकू लागला. पहिला ट्रक वर दिसला मात्र, तिचं बोट हललं आणि गाडी बाजूच्या पिंपावर आदळली. ट्रक अजून पडद्याच्या वरच्या टोकालाच होता. ती जरा चपापली. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. मग माझी पाळी आली आणि मी नेहमीसारखाच घाबरतघुबरत, रखडत खेळलो आणि तिच्यापुढे गेलो. जन्मात पहिल्यांदा मी आक्काला हरवलं होतं.

आईने सवयीने आतून विचारलं, "कोन जिकलं?"

"आक्का," मी म्हणालो.

"खोटं कशाला बोलतूस?" आक्का म्हणाली. "ह्यो जिकला, आई."

या दिवसासाठी मी वर्षभर झुरलो होतो. तो आला आणि मला नको झाला.

पंचमीला मेंदी, झोका, वारूळ सगळं झालं. मधेमधे ती येऊन स्टुलावर बसायची. ट्रक दिसला की तिचं बोट पुढे धावायचं आणि मी म्हणायचो, "घाई कशाला करतीस? येऊ दे की त्याला." पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तिने माझ्याकडे मान वळवून पाहिलं, आपलेच शब्द ओळखले आणि हसली. हळूहळू ट्रक खाली येऊ लागले. आधी निम्म्यापर्यंत, मग त्याहून खाली. जायच्या आदल्या संध्याकाळी ती पिठाचे हात पुसत आली, शांत बसली, ट्रक पार नाकासमोर येऊ दिला आणि एक बोट हलवलं. मग दुसरा, मग तिसरा. तिने मला असं हरवलं की मी नाचायचाच बाकी होतो. आई आतून विचारायच्या आधीच मी ओरडलो, "आक्का जिंकली!" आबांनी ओसरीवरून काठी आपटली.

सकाळी दाजी तिला न्यायला आले. तिने आईने केलेली लाडवांची पिशवी भरली, साडी सारखी केली, माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "त्याला असंच ऱ्हाऊ दे." मी दोघांना सोडायला स्टँडवर गेलो. दाजी गाडीची चौकशी करायला आत गेले. कंट्रोलरने गाडी लेट असल्याचं ओरडून सांगितलं. बाकड्यावर जागा होती.

मी म्हणालो, "बस की जरा."

"येईल आता," आक्का म्हणाली आणि दोन्ही पिशव्या उचलून उभी राहिली. रस्ता लांबपर्यंत रिकामा होता.